“परमेश्वर माझा मेंढपाळ आहे” – पण तो पुढे चालतो की मागून हाकतो?

पांझरेची_लेक

सगळ्यांना सलाम. तीन वर्षं नुसती वाचतेय इथे, लिहायची पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात साक्रीहून धुळ्याला येत होते, स्कूटीवर. नेरच्या अलीकडे मेंढरं आडवी आली, दोन-अडीचशे तरी असतील. दिवाळी झाली की ठेलारी मेंढपाळ निघतात, आपल्याकडच्यांना हे माहीतच आहे. गाडी बंद करून उभी राहिले. मागून येणारा बाबा तोंडाने शिव्या घालत होता, एखादी बांधाकडे वळली की तिच्या बाजूला खडा टाकत होता. मेंढीला नाही, मेंढीच्या बाजूला. खांद्यावरच्या घोंगडीच्या झोळीतून एका कोकराचं तोंड बाहेर आलेलं. ते कोकरू माझ्याकडे असं बघत होतं जसं काही मीच त्याचा रस्ता अडवलाय. आणि एक मेंढी माझ्या पुढच्या चाकाशी येऊन ठप्प. हॉर्न दिला, हलेना. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी ती ओळखीचीही वाटली.

आता मूळ मुद्दा. ह्यांचं काम ऑगस्टपासून बंद आहे. कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघायचे, मालकाने माणसं कमी केली. मी खाजगी शाळेत मानधनावर आहे. लेकीची दुसऱ्या सहामाहीची फी भरायची आहे. सासूबाई रोज रात्री कुटुंबप्रार्थनेत बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, शीर्षकातलं तेच, म्हणायला लावतात. “मला काही उणे पडणार नाही” या ओळीला मी नुसते ओठ हलवते. लेकीने परवा ते पकडलं.

तर प्रश्न असा. देवावर मेंढपाळ म्हणून विश्वास ठेवणं म्हणजे मंगळवारी सकाळी साडेनऊला तुम्ही नेमकं काय करता? प्रवचन नको. साक्ष चालेल, पण तिचा शेवट गोड झालेला असलाच पाहिजे असं नाही.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

नेरला थांबलात आणि कुठल्या ढाब्यावर जेवलात ते लिहिलं नाही. विश्वासाचं नंतर बघू.

गार्डकाका_भुसावळ

ताई, सलाम. चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. (२०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. मी त्याआधीच निवृत्त झालो, त्यामुळे मॅनेजर व्हायचं राहून गेलं.)

तुमच्या शीर्षकावर हसू आलं, कारण माझा सगळा जन्म गाडीच्या मागच्या टोकाला गेला. ब्रेकव्हॅनमध्ये ना धड पंखा, ना दिवा. इंजिन अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे, वळण असल्याशिवाय दिसायचं नाही. वॉकीटॉकी यायच्या आधीचे दिवस सांगतोय. रात्री दोनला गाडी रानात उभी राहायची. का उभी, किती वेळ, काही पत्ता नाही. कधी पाच मिनिटं, कधी दोन तास. नवा होतो तेव्हा दर दहा मिनिटांनी खाली उतरून बत्ती घेऊन पुढे बघायचो. मग एका जुन्या गार्डने सांगितलं, “बाबा, ब्रेकच्या गेजकडे बघ. प्रेशर आहे ना? म्हणजे इंजिन जोडलेलं आहे. पुढे सिग्नल लाल असेल.”

मंगळवारी सकाळी मी काय करतो? गेज बघतो. म्हणजे गुडघे टेकता येत नाहीत आता, खुर्चीत बसून पाच मिनिटं प्रार्थना. गाडी हलत नसली तरी जोडलेली आहे का, एवढंच. तुमची गाडी ऑगस्टपासून उभी आहे, हे काही थोडं नाही. पण तुम्ही ओठ हलवताय ना, मग प्रेशर आहे.

मोगरा_नंदुरबार

काका, _/\_

कोरडवाहू

रागावू नका, पण कोणीतरी बोललं पाहिजे. माझा बाप्तिस्मा झालेला आहे, संडे स्कूलला पाठांतराची बक्षिसं घेतलीत, आता नाताळालाच काय तो चर्चला जातो. मला या उपमेतलं एक कधीच पटलं नाही. मेंढपाळ मेंढरं कशासाठी पाळतो? लोकरीला आता भाव नाही. बाजाराच्या दिवशी तो बोकड-कोकरं गाडीत घालतो आणि खाटकाला देतो. ज्या हाताने काटा काढला त्याच हाताने. मेंढीचा विश्वास शेवटपर्यंत शाबूत असतो, हे खरं. म्हणून तो बरोबर ठरतो का?

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

आला बघा. धागा शंभरी गाठणार.

मोगरा_नंदुरबार

कोरडवाहू, प्रश्न चांगला आहे, पण योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पूर्ण वाचलंत तर तुमचं उत्तर तिथेच आहे. “उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो.” हे ऐकणारे लोक मेंढरं ओळखणारे होते. मेंढपाळ मेंढराच्या जिवावर जगतो हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक. म्हणून तर ते वाक्य त्यांना उलटं वाटलं असणार. शिवाय योहानाच्याच पहिल्या अध्यायात येशूलाच देवाचा कोकरा म्हटलंय. बाजाराच्या गाडीत तो स्वतः चढला. उपमा तिथे मोडते, आणि मुद्दाम मोडते, असं मला वाटतं.

आणि तेविसाव्या स्तोत्रातही बघा, पाचव्या वचनाला मेंढरू गायब होतं. “तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस.” मेंढराला कोण ताट वाढतं? तिथे आपण पाहुणे झालेलो असतो, डोक्याला तेल, हातात पेला.

कोरडवाहू

ताटाचा मुद्दा मान्य. बाकीचा विचार करतो. (म्हणजे अजून पटलेलं नाही.)

पशुधन_पर्यवेक्षक

मी ख्रिस्ती नाही. शोधात ‘मेंढपाळ’ टाकलं आणि तुमचा धागा निघाला. गुरांच्या दवाखान्यात नोकरी, अर्धी सर्व्हिस साक्री आणि शिंदखेडा तालुक्यांत गेली. लसीकरणाला ठेलाऱ्यांच्या वाड्यांवर पहाटे जावं लागतं, कारण उजाडलं की मेंढरं निघतात. बोललं तर चालेल ना? धर्माचं मला कळत नाही, मेंढरांचं थोडं कळतं.

खडा मेंढीच्या बाजूला पडतो, हे ताईंनी बरोबर टिपलं. खडा मारायला नसतो, कडेचा आवाज करायला असतो. काठीही तशीच. काठी मेंढीच्या पाठीवर क्वचित पडते. काठीने बाभळीच्या शेंगा पाडतात, झुडपात आधी आपटून साप-विंचू बघतात, आणि दोन मेंढरांत आडवी धरून एकेक मोजून वाघुरातून सोडतात. वाघूर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावतात ते जाळं. चारी बाजूंना खुंट्या ठोकायच्या, जाळं ताणायचं, झाला वाडा. खरं सांगायचं तर त्या जाळ्यात दम काही नसतो. लांडगा उडी मारून येऊ शकतो. जाळं मेंढरांना आत ठेवायला. लांडग्याला बाहेर ठेवायला बाहेर माणूस झोपलेला असतो आणि कुत्री.

पुढे की मागे? दोन्ही. पुढे एक जण तोंडाने आवाज काढत चालतो, बहुतेक पोरगं असतं. मागे म्हातारा, लंगडी आणि नुकतीच व्यालेली मेंढरं सांभाळत. बायका बिऱ्हाड घेऊन आधीच मुक्कामाच्या शेतावर पोचलेल्या असतात. म्हणजे संध्याकाळी मेंढरं पोचतात तेव्हा जागा तयार असते.

“हिरवं कुरण” वाचून शहरातल्या लोकांना बागेतलं गवत दिसतं. इथलं कुरण म्हणजे वेचणी संपलेलं कपाशीचं शेत. मेंढरं पाला खातात, उरलेली कच्ची बोंडं खातात. बोंडअळीचा बंदोबस्त होतो म्हणून कृषी खातंच सांगतं, वेचणीनंतर शेतात मेंढरं बसवा. रात्री लेंड्या पडतात, शेतकरी त्याचे धान्य किंवा पैसे देतो. दुसऱ्याच्या उरल्यासुरल्यावर एवढा कळप जगतो. कुठलं शेत कधी मोकळं होणार हे मेंढीला माहीत नसतं, म्हाताऱ्याला माहीत असतं. तो आधी मोटारसायकलवर जाऊन शेत बघून आलेला असतो.

पांझरेची_लेक

दादा, बोललं तर चालेल काय विचारता. “जागा तयार असते” हे वाचून मी पोळी करपवली.

मोगरा_नंदुरबार

“मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो.” योहान १४. दादा, तुम्ही न सांगता प्रवचन केलंत.

पशुधन_पर्यवेक्षक

अहो, मी आंत्रविषाराची लस टोचणारा माणूस.

अहिराणीना_लेक

कोनी अहिराणीमा म्हनस का हाई स्तोत्र? मन्ही आजी म्हने:

“देव मन्हा मेंढपाय शे, माले काही कमी पडनार नही.”

आनि स्तोत्रातल्या मृत्युछायेच्या दरीच्या जागी ती आपलं आपलंच म्हणायची, “अंधारी नायमा गऊ तरी तू मन्हा संगे शे, मंग माले कसानी भीती?” नाय म्हणजे नाला. आमच्या गावच्या नाल्यात तेव्हा रात्री जायला गडीमाणसंही भ्यायची. आजीने दरी कधी पाहिलीच नव्हती. ती लिहायला-वाचायला शिकली ते पवित्र शास्त्र वाचायला, वयाच्या पन्नाशीत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं भाषांतर, १९२४ साली छापून निघालेलं, ते घरात होतं म्हणे. रमाबाई त्याआधी दोन वर्षं वारल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. आजीला मात्र ते साधं मराठीही साधं वाटायचं नाही, म्हणून तिचं स्वतःचं चालायचं.

तावडी_भो

‘नाय’ नाही भो, आमच्याकडे ‘नाला’च. आन् ‘शे’ धुळ्याकडे. जळगावच्या अंगाला आलं की बोली बदलते.

अहिराणीना_लेक

आते बोलीनी लढाई नको. आजी वरती शे, तिले ईचारी ल्या.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

😂😂 वर कुठली बोली चालते ते कळलं तर मलाही सांगा.

नवापूर_लाईन

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. धागाकर्तीने गोड शेवट नको म्हटलंय म्हणून लिहितो.

नवापूर म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत असलेलं स्टेशन, आणि बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६. देशात पहिल्यांदा तो आमच्याकडे निघाला. माझ्या बाबांची लहानशी पोल्ट्री होती, अंड्यांच्या कोंबड्या. मोठ्या फार्मवाल्यांच्या मानाने काहीच नाही, पण आमचं घर त्यावर होतं. कर्ज होतं. आमच्या कोंबड्या आजारी नव्हत्या, निदान बाबा शेवटपर्यंत तसंच म्हणत राहिले. पण कोंबड्या मारायच्या ठरलेल्या हद्दीत होत्या. पांढरे सूट घातलेली माणसं आली. मी दहावीला होतो, मला आत्याकडे पाठवलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी पळून आलो. जेसीबीने खड्डा काढलेला, वर चुना. शेडमध्ये पाण्याची भांडी तशीच लटकत होती, काहींमध्ये पाणी होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस बाबा पहाटे चारला उठायचे. सवयीने. शेडपर्यंत जायचे, दार उघडायचे, परत यायचे. आई अंथरुणातून बघायची, बोलायची नाही.

बाबा मंडळीत वडील, म्हणजे चर्चचे एल्डर, होते. त्यांच्याकडे शास्त्रवाचन असायचं. त्या मार्चमध्ये एका रविवारी पाळकांनी नेमकं तेविसावं स्तोत्र दिलं. पाळक भले होते, त्यांना वाटलं असेल धीर येईल. बाबा उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली: “मृत्युछायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.” चौथ्या वचनापासून. पहिली तीन वाचलीच नाहीत. मंडळीत चुळबुळ झाली. कोणाला वाटलं पान चुकलं. आईला कळलं, मला कळलं.

घरी आल्यावर मी विचारलं. म्हणाले, “जेवढं खरं वाटतं तेवढंच मोठ्याने वाचावं माणसाने. बाकीचं पुस्तकात आहे, कुठे पळून जात नाही.”

पुढची दोन वर्षं घरच्या प्रार्थनेतही ते चौथ्यापासूनच म्हणायचे. आम्हीही. धाकट्या बहिणीला तर वाटायचं की स्तोत्र तिथूनच सुरू होतं. बाबांनी नंतर भाड्याने टेम्पो चालवला, सुरतपर्यंत भाजी न्यायचे. पोल्ट्री पुन्हा केली नाही. ते पहिल्या वचनापासून परत कधी म्हणायला लागले, ते आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. एक दिवस लक्षात आलं की म्हणतायत.

ताई, तुमच्या लेकीने पकडलं ते बरंच झालं. तिला सांगा खरं काय ते.

पांझरेची_लेक

दादा. काय लिहू. आज रात्री मी चौथ्यापासून म्हणणार आहे, मोठ्याने. सासूबाईंचं बघते.

गार्डकाका_भुसावळ

नवापूर_लाईन, बाबांना माझा सलाम सांगा, असतील तर. नसतील तर मीच सांगेन, फार वेळ नाही आता.

नवापूर_लाईन

आहेत काका. ठणठणीत. तुम्हीही असं बोलू नका.

सत्यशोधक_९९

या उपमेतच सगळं आलं. मेंढरं म्हणजे ज्यांना कुठेही वळवता येतं. आदिवासी पट्ट्यात कोणी कोणाला कसं वळवलं ते आम्हाला माहीत आहे. [प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित]

संपादक_मंडळ

धर्मांतराच्या वादासाठी वेगळे धागे आहेत, तिथेही धोरण पाळूनच लिहावे. इथे विषयाला धरून.

नवापूर_लाईन

संपादक, राहू द्या. आजोबा मावची ही आदिवासी बोली बोलायचे. त्यांना कोणी वळवलं असतं तर आजीला फार आनंद झाला असता, कारण तिचं त्यांनी एकही कधी ऐकलं नाही.

कापडणे_पाटकरी

मेंढपाळ माझ्या डोक्यात कधी बसला नाही, कारण आमच्या घरी मेंढरं म्हणजे पीक खाणारी. माझ्या आईचं माहेर पांझरा काठचं, फड पद्धतीचं गाव. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडातले सगळे शेतकरी एकच पीक घेतात. आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडायचं नाही. पाटकरी असतो, गावाने ठेवलेला. तो क्रमाने प्रत्येक वावरात पाणी सोडतो. मामा रात्री निवांत झोपायचे. मी लहानपणी विचारायचो, “मामा, आपल्याला पाणी आलं की नाही बघायला जायचं ना?” मामा म्हणायचे, “पाटकरी गेलाय ना.” सकाळी वावर भिजलेलं असायचं.

ही खूप जुनी रीत आहे, शेकडो वर्षांची, आणि चालली ती पाटकऱ्यावरच्या भरवशावर. ज्याने रात्री उठून चोरून पाट फोडला त्याला दंड. मला “संथ पाण्यावर नेतो” म्हटलं की तो पाट दिसतो. माझी पाळी आलेली नाही आणि शेजारच्याचं वावर भिजतंय, तेव्हा पाट न फोडणं, हा माझ्यासाठी विश्वास. आणि खरं सांगू? मी एक-दोनदा फोडलाय. ऑफिसात. बढतीच्या वेळी. तपशील विचारू नका.

कोरडवाहू

हे मला मेंढरापेक्षा जास्त पटलं. कारण पाटकऱ्याला गावापुढे जाब द्यावा लागतो.

पशुधन_पर्यवेक्षक

“संथ पाणी” यावर राहवत नाही. मेंढरू वाहत्या पाण्याला बिचकतं. लोकर भिजली की वजन किती वाढतं, ओढ असलेल्या पाण्यात पडलं तर निघत नाही. म्हणून पाजायला साचलेलं, उथळ पाणी बघावं लागतं. ज्याने ते स्तोत्र लिहिलं त्याने मेंढरं पाळली असणार.

मोगरा_नंदुरबार

दावीद ना दादा. बेथलेहेमचा, धाकटा मुलगा, बापाची मेंढरं राखायचा. शौल राजापुढे सांगतो की सिंह नि अस्वल कळपातलं कोकरू उचलून न्यायचे आणि मी मागे धावून सोडवायचो. १ शमुवेल १७. आणि बेथलेहेमच्या पूर्वेला यहूदियाचं रान लागतं, पाऊस फारच कमी. म्हणजे त्याचं कुरणही तुमच्या वेचलेल्या कपाशीसारखंच असणार. इथे दोन काड्या, तिथे दोन काड्या.

तावडी_भो

मे महिन्यात भुसावळला या, पंचेचाळीसच्या वर पारा, हिरवं म्हणून फक्त केळी. त्यातही मेंढरू सोडलं तर मालक आपल्यालाच वाघुरात घालेल.

जखमी_मेंढरू

मी वेगळं बोलते, आयडी बघून कळलंच असेल. देव मेंढपाळ ठीक आहे. त्याने नेमलेल्यांचं काय? आपल्याकडे पास्टरांना ‘पाळक’ म्हणतात, शब्दच तो आहे. गाव सांगत नाही. नवरा दीड वर्ष अंथरुणाला होता, त्या काळात आमच्या पाळकांची पायधूळ दोनदा झाडली. दोन्ही वेळा दशांशाच्या (चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्श्याच्या) पाकिटाचा विषय निघाला. त्याच दीड वर्षात मंडळीतल्या दोन गटांनी मिळकतीवरून एकमेकांवर केसेस टाकल्या. मी अजून चर्चला जाते. पण शेवटच्या बाकावर, आणि आशीर्वादाच्या आधी उठते.

गार्डकाका_भुसावळ

ताई, बायबलमधलं यहेज्केल ३४ काढा. तुमच्या बाजूने आहे. “आपणच चरणाऱ्या इस्राएलाच्या मेंढपाळांना हाय हाय”, असा देवाचा संताप आहे. पण पुढे तो मेंढरांकडेही वळतो. लठ्ठ मेंढरांना म्हणतो, तुम्ही चांगलं पाणी पिता आणि उरलेलं पायांनी गढूळ करता, मग माझ्या बाकीच्या मेंढरांनी ते प्यायचं का? केसेस टाकणारे ते हेच. मी स्वतः एका मिळकतीच्या केसमध्ये सही केली आहे, वीस वर्षांपूर्वी. तेव्हा धर्मयुद्ध वाटलं होतं. आता त्या पाण्यात माझे पाय दिसतात.

जखमी_मेंढरू

काका, हे वाचून पहिल्यांदाच कोणी माफी मागितल्यासारखं वाटलं. तुमचा आमच्याशी काही संबंध नसताना.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

मी इथे टवाळी करायला आलो होतो. दोन दिवसांपासून रोज रात्री हा धागा उघडतोय. बायको विचारते कोणाशी चॅटिंग चाललंय. म्हटलं, मेंढरांशी.

हिब्रू_हौशी

शीर्षकाकडे परत येऊ का? सगळे विसरले. तेविसाव्या स्तोत्राचं शेवटचं वचन आपण म्हणतो, “खरोखर माझ्या आयुष्याचे सर्व दिवस मला कल्याण व दया लाभतील.” मुळात तिथे ‘लाभतील’ नाही. ‘रादाफ’ असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ पाठलाग करणं, शत्रूच्या मागे लागतात तसं. कल्याण आणि दया माझा पाठलाग करतील. म्हणजे पुढे मेंढपाळ, आणि मागे हे दोघे. योहान १० मध्येही “तो त्यांच्यापुढे चालतो” असंच आहे.

मोगरा_नंदुरबार

कल्याण आणि दया अशा नावाची दोन कुत्री! मेंढरं वळवणारी.

पशुधन_पर्यवेक्षक

एक दुरुस्ती. आपल्याकडची धनगरी कुत्री मेंढरं वळवत नाहीत, ते विलायती चित्रांत. आपली कुत्री राखण करतात, दिवसा तर गाडीखाली झोपलेली असतात. तुम्हाला ती आहेत हे रात्रीच कळतं.

मोगरा_नंदुरबार

तुमची दुरुस्ती माझ्या मूळ वाक्यापेक्षा चांगली आहे.

पांझरेची_लेक

परत आले. बरंच झालं या चार दिवसांत, आणि तसं काहीच झालं नाही.

एक. त्या रात्री चौथ्यापासून म्हटलं. सासूबाई थांबल्या. मला वाटलं आता ऐकवणार. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, “तुझे सासरे गेले तेव्हा मी वर्षभर फक्त आमेन म्हणायचे.” वीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही. मला हे माहीत नव्हतं.

दोन. पर्यवेक्षक दादांचं वाचून रविवारी उपासनेनंतर आम्ही तिघं ठेलाऱ्यांच्या वाड्यावर जाऊन आलो. कुसुंब्याच्या पुढे एका शेतात बसले होते. तोच बाबा नव्हता, दुसरे होते. लेकीला वाघूर बघायचं होतं. तिने खुंट्या मोजल्या. मी बाबांना विचारलं, रोज एवढी मेंढरं मोजता कशी? ते हसले. म्हणाले, मोजतो, पण मोजायच्या आधीच कळतं कोण नाही ते. मला येशूच्या दाखल्यातलं, शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू आठवलं. संडे स्कूलला शिकवताना मी नेहमी त्या नव्व्याण्णवांची काळजी करायचे, त्यांना रानात कोणाच्या भरवशावर सोडलं म्हणून. त्या वाड्यात पाच-सहा घरं होती. एक जण शोधायला गेला तर उरलेल्यांकडे बघायला बाकीचे असतात. एवढं साधं होतं ते.

हे तोपर्यंत बाबांच्या पोराला मोबाइलवर हिशेब करून देत बसले होते. कोणत्या शेतकऱ्याचे किती दिवस झाले, किती येणं बाकी. पोराने वहीत सगळं एकाखाली एक लिहिलेलं, तारखाच नव्हत्या. तासभर बसले. ऑगस्टनंतर मी त्यांना असं मान खाली घालून काम करताना बघितलं नव्हतं. निघताना त्या बायकांनी दूध दिलं, पैसे घेतले नाहीत.

कोरडवाहू, मी त्यांना तुमचा प्रश्नही विचारला. बाजाराच्या दिवशी कसं वाटतं म्हणून. बाबा म्हणाले, त्या दिवशी मी जात नाही, पोराला पाठवतो.

कोरडवाहू

हं.

गार्डकाका_भुसावळ

साहेबांना म्हणावं, रेल्वेच्या पतपेढ्यांमधून हिशेबाचं काम निघत असतं अधूनमधून. मी विचारून ठेवतो. आश्वासन नाही, विचारणं आहे.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

कुसुंब्याला माझ्या चुलतभावाचं कृषी केंद्र आहे. जीएसटीवाल्याला शिव्या घालत असतो. व्यनि (खाजगी निरोप) करतो. आणि जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही, आधीच सांगतो.

अहिराणीना_लेक

ताई, फी नं काय जयं?

पांझरेची_लेक

अर्धी भरली. उरलेल्या अर्ध्याला पंधरा तारखेपर्यंत मुदत दिलीय.

तावडी_भो

आज अकरा.

पांझरेची_लेक

हो. माहीत आहे.